कंसातलं नाव

बँगल्सची 'डिफरंट लाइट' ही कॅसेट आमच्या घरात आली ती 'वॉक लाइक ॲन इजिप्शियन'साठी. चार मुलींचा बँड, १९८६ सालचा अल्बम, आणि ते एक गाणं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये इतकं वाजलेलं की धाकट्या बहिणीलाही पाठ. पहिली बाजू झिजेपर्यंत ऐकली. दुसरी फारशी कुणी लावत नसे. एकदा मी तापाने अंथरुणावर होतो, कॅसेट थांबवायला उठायचं त्राण नव्हतं आणि टेपरेकॉर्डर ऑटो-रिव्हर्सचा होता, म्हणून दुसरी बाजू आपोआप सुरू झाली. तिच्या मध्यावर एक गाणं आलं, ते इतर गाण्यांत पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं वाटलं. गिटार किणकिणत होती, चाल हसरी होती, आणि तरी कुणीतरी निरोप घेतंय असं सारखं वाटत होतं. इनले कार्डवर नाव पाहिलं: 'सप्टेंबर गर्ल्स'. त्यातल्या 'गर्ल्स'च्या स्पेलिंगमध्ये 'आय'च्या जागी 'यू' छापलेला. छापखान्याची चूक, दुसरं काय! शेजारी कंसात आडनाव होतं, चिल्टन.

हा चिल्टन कोण, ते कळायला मला बारा वर्षं लागली. अमेरिकेतल्या लोकांनाही त्याहून फार कमी लागली असं नाही.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवर आर्डेंट नावाचा स्टुडिओ आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे मालक जॉन फ्राय काही होतकरू पोरांना ध्वनिमुद्रणाचं तंत्र शिकवायचे आणि गिऱ्हाइकांची कामं संपली की स्टुडिओ त्यांच्या हवाली करायचे. त्यातल्या चौघांचा एक बँड झाला. क्रिस बेल आणि ॲलेक्स चिल्टन गाणी लिहायचे आणि गायचे, अँडी हमेल बास वाजवायचा, जोडी स्टीफन्स ड्रम. चिल्टन त्यातला अनुभवी, कारण १९६७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने बॉक्स टॉप्स या बँडसाठी गायलेलं 'द लेटर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. नव्या बँडचं नाव त्यांनी रस्त्यापलीकडच्या किराणा-भाजीच्या सुपरमार्केटच्या पाटीवरून उचललं, बिग स्टार. १९७२च्या पहिल्या अल्बमला नाव दिलं 'नंबर वन रेकॉर्ड'. ही थट्टा होती की आत्मविश्वास, सांगणं कठीण आहे. पुढे जे झालं त्यामुळे ती थट्टाच ठरली.

त्या वर्षी रॉकची हवा वेगळी होती. गाणी लांबत चालली होती, गिटारचे सोलो संपता संपत नव्हते. ही मंडळी मात्र तीन-साडेतीन मिनिटांत आटोपणारी गाणी करत होती. बीटल्सच्या वळणाचे मिळून गायलेले स्वर, आणि त्याखाली काचेसारखी स्वच्छ, टोकदार गिटार. 'थर्टीन' नावाचं गाणं तेराव्या वर्षीच्या प्रेमावर आहे. त्यात ड्रम नाहीत, दोन साध्या गिटारी आहेत आणि गाणारा जवळजवळ कुजबुजतो. ऐकताना आपण कुणाच्या तरी शाळेच्या दप्तरात डोकावतोय असा संकोच वाटतो. समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. आणि विकल्या गेल्या दहा हजारांहून कमी प्रती.

असं का झालं, याचं उत्तर गाण्यांत सापडत नाही. ते मालाच्या ने-आणीत सापडतं. आर्डेंटच्या रेकॉर्डी दुकानांत पोचवायचं काम स्टॅक्स या कंपनीकडे होतं. स्टॅक्स म्हणजे ओटिस रेडिंग, आयझॅक हेज, म्हणजे सोल संगीताचं घराणंच. त्यांची माणसं ज्या दुकानांत जायची, ज्या रेडिओवाल्यांना ओळखायची, तिथे गोऱ्या पोरांच्या गिटार बँडला गिऱ्हाईक नव्हतं. मग स्टॅक्सने वितरणासाठी कोलंबिया या बड्या कंपनीशी करार केला. आता भाग्य उघडेल असं वाटत होतं. कोलंबियाला मात्र स्टॅक्सच्या जुन्या छोट्या वितरकांशी व्यवहारच ठेवायचा नव्हता, आणि त्या फेरफारात दुकानांत होत्या त्याही प्रती उचलल्या गेल्या. आपल्याकडे दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर स्टॉलवर आला तर त्याचं काय होतं, हे संपादकांना विचारावं. इथे परीक्षण छापून आलं, रेडिओवर गाणं वाजलं, माणूस दुकानात गेला, आणि दुकानदार म्हणाला, आमच्याकडे नाही. तो माणूस दुसऱ्यांदा विचारायला येत नाही.

क्रिस बेलला हे सहन झालं नाही. १९७२ संपता संपता तो बँडमधून बाहेर पडला. उरलेले तिघंही पांगायच्या बेतात होते. मे १९७३मध्ये मेम्फिसला रॉकवर लिहिणाऱ्यांचं एक संमेलन भरवलं गेलं. देशभरातले समीक्षक आले होते आणि त्यांच्यासमोर बिग स्टार वाजवायला उभे राहिले. कुठल्याही संमेलनात श्रोत्यांत बसून इतरांची उणीदुणी काढणारी ही जमात, त्या रात्री ती चक्क नाचली म्हणतात. त्या जोरावर दुसरा अल्बम झाला, 'रेडिओ सिटी', १९७४. 'सप्टेंबर गर्ल्स' त्यातलं, आणि 'यू' मुद्दाम लिहिलेला. मुखपृष्ठावर विल्यम एगलस्टन यांचं छायाचित्र आहे: रक्तासारखं लाल छत, मधोमध उघडा बल्ब, त्याला जोडलेल्या पांढऱ्या वायरी. रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासात हा फोटो आज पाठ्यपुस्तकासारखा दाखवतात. रेकॉर्डचं नशीब मात्र तेच. तोवर स्टॅक्स आणि कोलंबिया यांच्यातच बिनसलं होतं आणि माल पुढे सरकत नव्हता. विकल्या गेल्या साधारण वीस हजार प्रती.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी चिल्टनने जणू हातच सोडून दिले होते. त्यातल्या 'कांगारू' या गाण्याची गोष्ट ध्वनिमुद्रणातल्या लोकांना फार आवडते. चिल्टनने आवाज आणि बारा तारांची गिटार एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी नोंदवून टाकली. ज्यांनी मिक्सिंगचं काम जवळून पाहिलंय त्यांना यातला खवचटपणा कळेल. आवाज वेगळा, गिटार वेगळी असेल तर नंतर एक उचलता येतं, दुसरं दाबता येतं. दोन्ही एकत्र कालवलं की वेगळं काढायची सोय नाही. तो टेप त्याने निर्माते जिम डिकिन्सन यांच्यापुढे टाकला आणि आता तुम्हीच करा काय करायचं ते, असं सुनावलं. डिकिन्सन यांनी आव्हान घेतलं. मेलोट्रॉन, किंचाळणारी गिटार, ताल चुकवत चालणारे ड्रम असं एकावर एक रचत नेलं. ऐकताना गाणं कोसळतंय असं वाटतं आणि ते कोसळत नाही. काम १९७४चं. नमुन्याच्या प्रती घेऊन कंपन्यांची दारं झिजवली, कुणी घेतलं नाही. १९७५च्या शेवटी स्टॅक्सचं दिवाळं वाजलं. हा तिसरा अल्बम बाजारात आला १९७८ साली, तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता.

त्याच वर्षी क्रिस बेलची 'आय ॲम द कॉसमॉस' ही दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. काढली ती क्रिस स्टेमी नावाच्या तरुणाने, आपल्या कार रेकॉर्ड्स या बारक्या लेबलवर. बेल तेव्हा वडिलांच्या रेस्टॉरंटमध्ये काम करत होता. २७ डिसेंबर १९७८ रोजी मोटार अपघातात तो गेला. वय सत्तावीस. एकट्याच्या नावावर हयातीत निघालेली त्याची ही एवढीच रेकॉर्ड.

'इंडी' हा शब्द आज एखाद्या सुरासारखा वापरतात, म्हणजे थोडी विस्कटलेली गिटार, थोडा ओढलेला आवाज. मुळात तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८०मध्ये इंडी रेकॉर्डींची स्वतंत्र क्रमवारी सुरू झाली, तिचा निकष रेकॉर्ड कशी वाजते हा नव्हताच. ती बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात पोचली की नाही, एवढंच पाहिलं जाई. बिग स्टारला ज्याने बुडवलं, त्या ट्रक आणि गोदामांच्या व्यवहाराला पर्याय उभा करणं, हा या सगळ्या चळवळीचा व्यावहारिक गाभा. छोटे वितरक, टपालाने माल मागवणारी गिऱ्हाइकं, विद्यापीठांची रेडिओ स्टेशनं, आणि रेकॉर्डच्या दुकानात काउंटरमागे उभी असलेली, पगारापेक्षा रेकॉर्डींसाठी नोकरी करणारी पोरं.

असाच एक काउंटरवाला जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात होता, पीटर बक. त्याच दुकानात त्याची मायकेल स्टाइपशी ओळख झाली आणि १९८०मध्ये आर.ई.एम. हा बँड जन्मला. आपल्या मुलाखतींत हे लोक बिग स्टारचं नाव घेत राहिले. १९८४ साली ब्रिटनच्या धिस मॉर्टल कॉइल या गटाने तिसऱ्या अल्बममधली दोन गाणी, त्यात 'कांगारू'ही, पुन्हा गायली. बँगल्सची गोष्ट वर आलीच. १९८७ साली रिप्लेसमेंट्स या बँडने तर गाण्यालाच नाव दिलं 'ॲलेक्स चिल्टन', आणि तो अल्बम मुद्रित केला मेम्फिसला, आर्डेंटमध्येच. माझा एक साधा तर्क आहे. समीक्षकांकडे परीक्षणासाठी फुकट प्रती गेल्या होत्या. घर बदलताना, पैशांची चणचण असताना त्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानांत आल्या असणार, आणि तिथून या पोरांच्या हाती. ज्या प्रतींचा विक्रीच्या आकड्यात हिशेबच नव्हता, त्यांनी अल्बम जिवंत ठेवला.

मग सीडी आली आणि सगळं अर्थकारणच पालटलं. ध्वनिमुद्रणाचा खर्च वीस वर्षांपूर्वी झालेला, टेप पडलेले, आता फक्त हक्क मिळवायचे आणि चकती काढायची. रायकोडिस्क वगैरे कंपन्यांनी असे जुने टेप हुडकायला सुरुवात केली. १९९२ साली बिग स्टारचा तिसरा अल्बम नीट मांडणीत आला आणि बेलची एकट्याची गाणी पहिल्यांदाच अल्बम म्हणून निघाली, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. चिल्टन या कौतुकाने फारसा हुरळला नाही. आमचं जरा जास्तच कौतुक होतं, अशाच अर्थाचं तो बोलायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये भांडी घासून पोट भरलेल्या माणसाला उशिराच्या हारांबद्दल वेगळं काही वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

अल्बम मागे पडण्याचं कारण दरवेळी गोदामच असतं असं नाही. केंटकीतल्या लुईव्हिलच्या स्लिंट या बँडने १९९० साली चार दिवसांत 'स्पायडरलँड' मुद्रित केला, आणि मार्च १९९१मध्ये तो निघायच्या आतच बँड फुटला. दौरा नाही, मुलाखती नाहीत. मुखपृष्ठावर दगडखाणीच्या पाण्यात चार मुंडकी, मागच्या बाजूला गायिका हवी असल्याची जाहिरात. आत सहा गाणी. माणूस फारसा गात नाही, खालच्या आवाजात काहीतरी सांगतो, आणि गिटारी कित्येक मिनिटं दबा धरून बसतात. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा स्पीकर बिघडला असं समजून आवाज वाढवला, आणि पुढच्या मिनिटाला शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. १९९५च्या 'किड्स' या चित्रपटात त्यातलं शेवटचं गाणं आलं, आणि हळूहळू एक अख्खी पिढी अशी शांतता आणि असा स्फोट वाजवू लागली.

डेट्रॉइटच्या डेथ या बँडची कथा अजून विचित्र. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तीन कृष्णवर्णीय भाऊ, साल १९७५, आणि संगीत असं की पंक हा शब्द रुळण्याआधीचं पंक. नाव बदला, मग बघू, असं संगीत-व्यवसायातल्या एका बड्या माणसाने सुचवलं. डेव्हिडने नकार दिला. सात गाणी मुद्रित झाली होती. त्यांपैकी दोन गाणी भावांनी स्वखर्चाने १९७६ साली पाचशे प्रतींत काढली आणि विषय संपला. पुढे ते व्हर्माँटला गेले, दोघं रेगे वाजवू लागले. डेव्हिड २००० साली कर्करोगाने गेला. जाण्याआधी त्याने मूळ टेप भावाकडे सोपवले होते, कुणीतरी शोधत येईल म्हणून. इकडे ती पाचशेतली प्रत संग्राहकांत हजारोंच्या भावात फिरत होती. बॉबीच्या मुलाने कॅलिफोर्नियात एका पार्टीत त्यातलं एक गाणं ऐकलं आणि गाणाऱ्याचा आवाज ओळखला. वडिलांचा होता. घरात ही गोष्ट कुणी कधी काढलीच नव्हती! २००९ साली ड्रॅग सिटीने तो अल्बम काढला, चौतीस वर्षांनी.

अशा गोष्टी ऐकायला इतक्या गोड असतात की सांगणाऱ्याला मोह होतो. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा माहितीपट अनेकांनी पाहिला असेल. डेट्रॉइटचा रॉड्रिगेज, १९७०चा 'कोल्ड फॅक्ट' अमेरिकेत पडला, दक्षिण आफ्रिकेत घराघरांत पोचला, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. सगळं खरं. मात्र हा माणूस १९७९ आणि १९८१ साली ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता, ते चित्रपटात नाही. पूर्ण विसरला गेलेला कलावंत पडद्यावर जास्त उठून दिसतो. आणि हेही म्हणून टाकतो, विसरले गेलेले बहुतेक अल्बम विसरण्याच्याच लायकीचे असतात. जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात दुपार घालवलेल्या कुणालाही विचारा.

मुंबईचाही यात एक धागा आहे. सत्तरच्या दशकात इथे इंग्रजी रॉक वाजवणारे बरेच बँड होते. 'तीन पैशाचा तमाशा'मुळे मराठी प्रेक्षकांना माहीत झालेले नंदू भेंडे त्याच जगातून आले. पण या बँडना रेकॉर्ड काढायची संधी क्वचितच मिळे. एका सिगारेट ब्रँडच्या 'सिमला बीट' स्पर्धेतून १९७० आणि १९७१ साली निघालेल्या दोन एलपी, आणि ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडची १९७७ साली मुद्रित झालेली एक. ती शेवटची रेकॉर्ड २०११ साली पुन्हा निघाली, काढली कॅलिफोर्नियाच्या नाउ-अगेन या लेबलने. आपल्या शहरातला ठेवा बाहेरच्याने धुऊन-पुसून आपल्यालाच दाखवावा, याची आता सवय झालीय.

इथवर आलेल्या बहुतेक वाटा माणसांतून गेल्या. काउंटरवाला, समीक्षक, मुलगा, संग्राहक. बोस्टनच्या गॅलॅक्सी ५०० या बँडलाही आधी तशीच वाट मिळाली. रफ ट्रेड ही त्यांची कंपनी १९९१ साली बुडाली, तेव्हा मूळ टेप लिलावात निघाले. ड्रमर डेमन क्रुकोव्स्की आणि बासवाली नाओमी यांग यांनी बोली लावून आपलीच गाणी विकत घेतली. त्यामुळे हक्क त्यांच्याकडे राहिले, आणि पुढे स्ट्रीमिंगचे आकडेही त्यांनाच दिसत होते. त्या आकड्यांत क्रुकोव्स्कीला एक कोडं सापडलं. १९८९च्या 'ऑन फायर' अल्बममधलं 'स्ट्रेंज' हे गाणं स्पॉटिफायवर बाकी सगळ्यांना मागे टाकून पळत सुटलं होतं. ते कधी सिंगल म्हणून निघालं नव्हतं, कुठल्या जाहिरातीत नव्हतं. तारीख तपासली तर उसळी जानेवारी २०१७ची. तुम्ही लावलेलं संपलं की त्याच्यासारखं काहीतरी आपोआप लावत राहायचं, ही सोय तेव्हा सगळ्यांसाठी सुरू झाली होती. त्याचा निष्कर्ष असा की यंत्राने 'स्ट्रेंज' उचललं ते आमचं सर्वांत वेगळं गाणं म्हणून नाही. इतरांच्या गाण्यांशी सर्वांत जुळणारं म्हणून.

पेव्हमेंटचंही तसंच झालं. 'हार्नेस युवर होप्स' हे गाणं त्यांनी १९९७च्या अल्बमसाठी केलं आणि वगळलं. १९९९ साली ते एका छोट्या रेकॉर्डवर जागा भरायला निघालं. आज स्ट्रीमिंगवर ते या बँडचं सर्वाधिक ऐकलं जाणारं गाणं आहे, टिकटॉकवर त्यावर नाच झाले, आणि २०२२ साली बँड पुन्हा जमला तेव्हा त्यांना ते मंचावर वाजवायला शिकावं लागलं. माझ्या भाचीला ते शब्दन्‌शब्द येतं. बँडचं नाव विचारलं तर म्हणाली, "मामा, ते आपोआप लागतं." मग तिने कृपा म्हणून फोन पाहून सांगितलं. गाणं लिहिलं कुणी, ते पाहायला तीन ठिकाणी बोट लावावं लागलं, आणि तोवर पुढचं गाणं सुरू झालं होतं. माझी तक्रार त्या यंत्राबद्दल नाही, पेव्हमेंटला त्याने चार पैसे मिळवून दिले. अडचण एवढीच की गाणं येतं आणि त्याचा अल्बम मागे राहतो. 'सप्टेंबर गर्ल्स' मलाही आपोआपच लागलं होतं. फरक पडला तो हातातल्या कागदामुळे.

चिल्टन मार्च २०१० मध्ये गेला, टेक्ससमधल्या एका महोत्सवात पुन्हा जमलेले बिग स्टार वाजणार होते त्याच्या तीनच दिवस आधी. हमेल त्याच वर्षी जुलैत. २०२२ साली 'नंबर वन रेकॉर्ड'ला पन्नास वर्षं झाली तेव्हा कार्यक्रम झाले. ड्रमवर जोडी स्टीफन्स, चौघांतला उरलेला एकटा, ज्याने पुढची कित्येक वर्षं आर्डेंटमध्येच नोकरी केली. शेजारी आर.ई.एम.चा माइक मिल्स, आणि गिटार घेऊन क्रिस स्टेमी, ज्याने १९७८ साली बेलची ती छोटी रेकॉर्ड काढली होती.

माझ्या कॅसेटची फीत केव्हाच गुंतून तुटली. इनले कार्ड मात्र एका जुन्या डायरीत आहे. परवा काढून पाहिलं. त्या 'यू'वर मी तेव्हा पेन्सिलीने 'आय' गिरवलेला आहे, ठळक, मास्तरांसारखा.